'उचलून घेऊ की मॅडम!' : व्हीलचेअर घेऊन वेरूळ-अजिंठा

चाकावरची | 5 जानेवारी, 21:48

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लहानपणी पोलिओ झाला. पस्तिशीपर्यंत कॅलिपर आणि कुबडीवर निभावलं, मग खांद्यांनी असहकार पुकारला म्हणून व्हीलचेअर. कागदोपत्री मी दिव्यांग आहे, घरी आणि आरशासमोर अपंग. कुठला शब्द बरोबर यावर वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा, इथे नको.

गेल्या महिन्यात मी आणि माझी भाची वेरूळ-अजिंठा करून आलो. ठाण्याहून वंदे भारत धरली. फलाट आणि दार जवळजवळ एका पातळीत, टोकाच्या डब्यात व्हीलचेअर लावायला जागा आणि खुर्चीसकट आत जाता येईल असं स्वच्छतागृह. छत्रपती संभाजीनगरला उतरले तेव्हा इतकी खुशीत होते की भाचीला म्हटलं, बघ, आता कुठे आपल्यासाठी दिवस आलेत.

तो आनंद हॉटेलपर्यंत टिकला. बुकिंग करताना फोनवर विचारलं होतं, "व्हीलचेअर चालते ना?" "हो मॅडम, सगळं आहे." दारात तीन पायऱ्या. बाजूला रॅम्प होता, पण गॅसचे सिलिंडर गडगडत न्यायला केलेला, घसरगुंडीच. तेही जमवलं. खोलीत गेले तर बाथरूमचं दार अरुंद. भाची शिवणकाम शिकते, तिच्या पर्समध्ये टेप असते. दार 22 इंच. माझी खुर्ची 25.

खाली फोन केला. मॅनेजर स्वतः वर आले, अगदी सज्जन गृहस्थ. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्यात काय, उचलून घेऊ की मॅडम! आपली पोरं आहेत."

विशी-बाविशीची दोन वेटर पोरं दारात उभी. सकाळी सहाला मला उचलून कमोडवर नेऊन ठेवायला तयार. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त संकोच होता.

शेवटी डायनिंग हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची मागवली. दाराशी व्हीलचेअरवरून तिच्यावर सरकायचं आणि भाचीनं ती ओढत आत न्यायची. दोन रात्री असं. आणि खरं सांगायचं तर दोन दिवस मी पाणीच कमी प्यायले. इथल्या अनेकांना हे ओळखीचं असेल. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून आपण पेला बाजूला सारतो.

लेण्यांचं सांगते. वेरूळला 16 नंबरचं कैलास लेणं फाटकासमोरच आहे. जरा धक्के खात का होईना, अंगणात खुर्ची फिरली. वर देवळात पायऱ्या, तिथे गेले नाही. पण जोत्यात कोरलेले ते हत्ती, खालून बघितलं की आख्खं देऊळ पाठीवर घेऊन उभे आहेत असं वाटतं. ते खालूनच बघायचे असतात. त्या एका बाबतीत मी सगळ्यांच्या बरोबरीला होते. भाची वर जाऊन आली तोवर मी एकेका हत्तीची सोंड बघत बसले.

अजिंठ्याला फाट्यावरून बस, मग पायऱ्या. तिथे डोली केली. चार जण, दोन बांबू, मधे खुर्ची. आधी भाव ठरला, मग मी बसले. उतरताना पुढच्या भाऊंनी विचारलं, "ताई, तोंड कुठं करू? उलटं बसलात तर भ्या वाटत नाही." त्यांनी हजारो माणसं नेली असतील, कुठल्या पायरीला खांदा किती झुकवायचा ते पायाला पाठ. 1 नंबरच्या दारात उतरवलं, आत कुबडीवर दहा-बारा पावलं टाकली आणि पद्मपाणी बघितला. इयत्ता सातवीत वर्गाची सहल गेली होती तेव्हा मी घरी होते.

आता माझा प्रश्न. डोलीत बसताना मला काहीच वाटलं नाही, आणि त्या सज्जन मॅनेजरांच्या "उचलून घेऊ"नं मात्र रात्रभर झोप लागली नाही. दोन्हीकडे उचलणंच होतं. हा फरक तुम्हाला कळतो का? आणि कुठे जाऊन आला असाल तर लिहा. फक्त "छान सोय आहे" असं लिहू नका, इंच लिहा.

कढीपत्ता | 5 जानेवारी, 22:15

पाण्याचा पेला बाजूला सारतो, हे वाचून थांबले. माझी आई (वय 74, दोन्ही गुडघे गेलेत) लग्नाला जायचं असलं की हेच करते. आम्ही तिला ओरडतो, "पाणी पी गं." कारण आज कळलं.

घाटवाट्या | 5 जानेवारी, 23:02

अनुभव वाचून वाईट वाटलं. हॉटेलचं चुकलंच. पण थोडं कडू बोलतो. प्रत्येक जागा प्रत्येकासाठी हा हट्ट कुठवर न्यायचा? रायगडाला रोपवे झाला आणि वर जत्रा भरली. आता 2025 च्या जुलैत आपले 11 किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी जागतिक वारशात गेलेत. उद्या राजगडाच्या बालेकिल्ल्याला लिफ्ट मागतील. गड पायानंच चढायचा असतो. मलाही एव्हरेस्ट जमणार नाही, मी तक्रार करत नाही.

चाकावरची | 6 जानेवारी, 07:30

घाटवाट्या, मी बालेकिल्ल्याला लिफ्ट मागितली नाही. संडासाचं दार मागितलं. दर वेळी हेच होतं. आम्ही खालचं काहीतरी मागतो आणि उत्तर वरच्या टोकावरून येतं. गडाच्या नावाखाली पायथ्याच्या गावातलं हॉटेल, पार्किंग, तिकीट खिडकी, चहाची टपरी सगळं सुटून जातं. गड नाही जमला तर मी पायथ्याला बसून पिठलं-भाकरी खाईन आणि वर बघेन. पण पायथ्याला मला मुतारीला जाता आलं पाहिजे.

(शब्द जड वाटला असेल तर माफी. मुद्दा तोच आहे.)

घाटवाट्या | 6 जानेवारी, 09:11

मान्य. या मुद्द्यावर माघार.

पाचाडकर | 6 जानेवारी, 10:40

रोपवेबद्दल गैरसमज नको. हिरकणीवाडीतून चार-पाच मिनिटांत वर नेतो हे खरं, पण पाळणा उतरवतो तिथून पुढे पुन्हा पायऱ्याच. माझ्या काकांना नेलं होतं (अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, काठीवर चालतात). वरच्या स्टेशनाशी बसून त्यांनी वाऱ्यावर अर्धा तास काढला आणि मुजरा करून परत आले. समाधान झालं त्यांचं. पण रोपवे आहे म्हणून व्हीलचेअर घेऊन कुणी थेट होळीच्या माळापर्यंत जाईल अशी समजूत करून घेऊ नका.

विटामाती | 6 जानेवारी, 13:25

बांधकामात 20 वर्षं आहे म्हणून बोलतो. 22 इंची दार हॉटेलवाल्यांच्या दुष्टपणामुळे येत नाही, सवयीनं येतं. मिस्त्रीला 'बाथरूम' म्हटलं की तो न विचारता लहान चौकट लावतो. केंद्राच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. मोकळी म्हणजे दार उघडल्यावर उरते ती. चौकट मोजून फसू नका, उघडलेलं दारही इंच-दीड इंच खातं.

रॅम्पचं गणित एक फुटाला बारा फूट. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, म्हणजे 18 फूट लांब रॅम्प हवा. चार फुटांत बसवलेला असतो तो सिलिंडरचाच.

उंबऱ्याचं सांगतो, कारण तिथेच सगळे अडतात. आपल्याकडे नहाणीची जमीन खोलीपेक्षा खाली ठेवायची, वर दगडी पट्टी लावायची, कारण पाणी बाहेर येऊ नये. उपाय सोपा आहे. दाराच्या रेषेत लांब जाळीची पन्हळ टाका आणि उतार तिच्याकडे द्या. पट्टीची गरजच उरत नाही. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं ठेवा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाच्या अंगाला अडतं, बाहेरच्याला ढकलता येत नाही. हे मी पाहिलंय, म्हणून लिहितोय.

आणि आधाराचा दांडा भिंतीत पक्का हवा. टॉवेलच्या दांडीला धरून उठायला गेलं की माणूस दांडीसकट खाली.

स्पर्शिका | 6 जानेवारी, 20:05

मला जन्मापासून दिसत नाही. हा धागा मोबाइल वाचून दाखवतोय. (कृपया प्रतिसादात सलग आठ फुलं आणि हात जोडलेली चित्रं टाकू नका. तो सगळी मोठ्यानं वाचतो, एकेक करून.)

माझी अडचण दाराची नाही. सोबतच्या माणसांची आहे. "कसं आहे?" विचारलं की उत्तर येतं "खूप छान आहे गं". झालं वर्णन! एकदा एका मैत्रिणीनं समुद्राचं सांगितलं होतं: "भरती संपत आलीय, लाट येते ती थकलेली येते, पुढची वाळू ओली आहे पण चमकत नाही." तेवढं मला पुरलं. तो समुद्र माझ्याकडे अजून आहे.

लेण्यात हात लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. सगळ्यांनी हात लावला तर दगड किती दिवस टिकेल? पण प्रतिकृती का नाहीत? दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अनुभव' म्हणून दालन आहे, तिथे मूर्तींच्या प्रतिकृतींवर हात फिरवून बघता येतं. मुरडलेली कंबर म्हणजे काय ते मला बोटांनी कळलं. तोवर त्रिभंग हा पाठ केलेला शब्द होता.

जाता जाता कौतुकाचं. मुंबईत लोकलच्या फलाटावर आमचा डबा थांबतो त्या जागी पीप-पीप आवाज येत राहतो. साधी गोष्ट आहे, पण त्या आवाजाकडे मी कुणाचा हात न धरता चालत जाते.

कढीपत्ता | 6 जानेवारी, 20:31

अजिंठा फाट्यावर अभ्यागत केंद्र बांधलं होतं ना? 1, 2, 16 आणि 17 नंबरच्या लेण्यांच्या प्रतिकृतींसकट. ज्यांना वर जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी उत्तम. निघण्याआधी चालू आहे का तेवढं विचारून घ्या.

टेम्सकाठी | 7 जानेवारी, 02:50

लंडनला 11 वर्षं आहे. बायको व्हीलचेअर वापरते. इथे सगळं सोन्याचं आहे असं नाही. भुयारी रेल्वेची साधारण एक तृतीयांश स्टेशनंच पायऱ्यांशिवाय आहेत, बाकी शंभर वर्षांपूर्वीची बिळं. पण नकाशात खरं लिहिलेलं असतं. निळं चिन्ह म्हणजे रस्त्यापासून थेट गाडीत. पांढरं चिन्ह म्हणजे फलाटापर्यंत, पुढे फट किंवा पायरी आहे. आम्ही घरी बसून ठरवतो कुठे जायचं. काळी टॅक्सी कुठलीही थांबवा, रॅम्प असतोच, वेगळी मागवावी लागत नाही.

धागाकर्तीला म्हणूनच अनुमोदन. "सगळं आहे" हे खोटं "नाही"पेक्षा वाईट. "नाही" म्हणालात तर आम्ही दुसरीकडे जाऊ, एवढंच.

लालपरी_प्रेमी | 7 जानेवारी, 08:20

एसटीत 75 टक्के सवलत आहे आम्हाला. पहिल्या पायरीवर पाय पोचत नाही ही गोष्ट वेगळी. तिकीट पाव किमतीत, चढणं पूर्ण किमतीत. (दोन्ही कुबड्या, उंची पाच फूट. कंडक्टर आणि प्रवासी नेहमी मदत करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.)

दावापत्र | 7 जानेवारी, 11:55

कायद्याचं थोडक्यात लिहितो, कंटाळा येईल पण उपयोगी पडेल.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, म्हणजे विषय फक्त व्हीलचेअरचा नाही. कलम 45 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून 2017 मध्ये निघाले, म्हणजे मुदत 2022 मध्ये संपली. त्या नियमांतला 15 क्रमांकाचा नियम 'मार्गदर्शक सूचना' म्हणून ढिला ठेवला होता. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत करा असं केंद्राला सांगितलं. रतुरींनी याचिका केली होती 2005 साली. पिटिशन चालली तेवढ्या काळात मूल जन्मून कॉलेजात जातं.

विमानाचं म्हणाल तर 2012 मध्ये जीजा घोष यांना कोलकात्यात विमानातून उतरवलं होतं. सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून. निघाल्या होत्या गोव्याला, अपंगत्वाच्याच विषयावरच्या परिषदेला. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विमान कंपनीला 10 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुढे 2022 मध्ये रांचीत एका मुलाला चढू दिलं नाही, त्यावरून दंड झाला आणि नियम बदलला. आता केवळ अपंगत्वामुळे नाकारता येत नाही. उड्डाणात तब्येत बिघडेल असं वाटलं तर डॉक्टरला दाखवून मगच निर्णय घ्यायचा. आपल्या बाजूनं 48 तास आधी मदतीची मागणी कळवा, आणि कळवल्याचा पुरावा जवळ ठेवा.

नीरा_के | 7 जानेवारी, 15:40

मुलगा 9 वर्षांचा, स्वमग्न. दिसायला धडधाकट. त्याला रांग सहन होत नाही. ढकलाढकली आणि भोंगा सुरू झाला की तो कान दाबून खाली बसतो. मग मागून येतं, "दोन द्या ठेवून, सरळ होईल." कार्ड दाखवावं तर "याला काय झालंय?" हे त्याच्यासमोर मोठ्यानं विचारतात. आम्ही आता देवळात पहाटे पाचला जातो, काकडआरतीच्या वेळी. शांत असतं, त्याला टाळ आवडतात. बाकी पर्यटन नाही.

मौनराग | 7 जानेवारी, 18:02

ऐकू येत नाही. एकच सांगायचं आहे. फलाट बदलला की घोषणा होते आणि सगळे पळायला लागतात. मी पण पळतो, कारण न समजता. दोन वेळा चुकीच्या गाडीकडे पळालो. बोर्ड लगेच बदला, बाकी काही नको.

रत्नांग्रीकर | 7 जानेवारी, 22:30

माझं गावाला छोटं होमस्टे आहे, गुहागरपासून जवळ. नाव टाकत नाही, जाहिरात वाटेल. हवं असेल त्यांनी निरोप करा.

आमच्याकडे रस्त्यावरून घरी यायचं तर जांभ्याची पाखाडी, मोजून 38 पायऱ्या. चार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं हाच प्रश्न विचारला, व्हीलचेअर चालेल का. मी पण तेच म्हटलं हो, "उचलून घेऊ, गडी आहेत." त्यानं फोन ठेवला. नंतर बायको म्हणाली, तुला कोणी उचलून संडासात नेलेलं चालेल का? आता काय बोलणार.

मग बघितलं. घरामागनं आजोबांच्या वेळचा बैलगाडीचा रस्ता होता, करवंदीत बुडालेला. तो मोकळा केला. गाडी थेट मागल्या पडवीत येते. खालच्या मजल्यावरची एक खोली घेतली, दार 36 इंची केलं, सरकतं. विटामातीसाहेब म्हणतात ती पन्हळ माहीत नव्हती, म्हणून एक इंचाचा उंबरा राहिलाय, फणसाच्या लाकडाची पाचर देतो. खर्च नवीन एसी घेतला त्याच्याहून जरा जास्त, एवढाच.

आता गंमत ऐका. त्या खोलीत पहिलं बुकिंग व्हीलचेअरचं आलंच नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी आल्या. मग पाच महिन्यांची पोटुशी एक, मग तान्ह्या पोराची गाडी घेऊन पुण्याचं जोडपं. ती खोली आमच्याकडे सगळ्यात आधी भरते. बाकीच्या रिकाम्या असतात, तिला वेटिंग.

समुद्रावर मात्र खुर्ची जात नाही. वाळूत चाक रुततं. कठड्यापर्यंत नेतो, तिथनं बघायचा.

टेम्सकाठी | 8 जानेवारी, 03:12

वाळूसाठी फुग्यासारख्या जाड चाकांच्या खुर्च्या मिळतात. नाहीतर लाकडी पायवाट. चेन्नईत मरीनावर नोव्हेंबर 2022 मध्ये पार पाण्यापर्यंत पायवाट केली. पंधरा दिवसांत मांदूस चक्रीवादळानं तिचं नुकसान केलं, पण नंतर दुरुस्त केली. मला त्या दुरुस्तीचं जास्त कौतुक वाटतं. पहिल्या फीत कापण्याला सगळेच येतात.

चाकावरची | 8 जानेवारी, 21:10

इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

डोली आणि वेटर यातला फरक रत्नांग्रीकरांच्या सौभाग्यवतींनी एका वाक्यात सांगितला. मी चार दिवस शोधत होते. डोलीवाले भाऊ त्यांचं काम करत होते, मी पैसे मोजून ठरवून बसले होते, आणि नको म्हटलं असतं तर खाली बसून चहा प्यायले असते. हॉटेलात मला 'नको' म्हणायची सोयच नव्हती. आणि ती पोरं तरी कुठे 'नाही' म्हणू शकत होती?

फोनवर मी आता "व्हीलचेअर चालते का" हा प्रश्नच टाकलाय. त्याला कुणीच नाही म्हणत नाही. त्याऐवजी म्हणते, दादा, तुमच्याकडे टेप आहे का? नसेल तर नोटबुकची लांबी लावा. बाथरूमचं दार उघडा आणि मोकळी जागा मोजा. दाराशी पट्टी किती बोटं उंच आहे? कमोडच्या बाजूला खुर्ची उभी राहील का? पलंग माझ्या गुडघ्याएवढा आहे की कमरेएवढा? दारापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या, आणि 'एकच पायरी' असेल तर ती एक पण सांगा. मग फोटो मागते, दाराचा, टेप लावून. जे वैतागतात ते आपोआप गळतात. दोघांनी मात्र मोजून सांगितलं "23 इंच, नाही होणार ताई". त्या दोघांना मी मनापासून धन्यवाद दिले, आणि ते गोंधळले.

स्पर्शिका, पुढल्या वेळी वेरूळला बरोबर चला. हत्तींचं वर्णन मी करेन. बसून, सविस्तर.

स्पर्शिका | 8 जानेवारी, 21:44

चालेल. खुर्ची मी ढकलेन, वाट तुम्ही सांगा.

कढीपत्ता | 2 फेब्रुवारी, 19:20

धागा वर काढतेय. आईला घेऊन रत्नांग्रीकरांकडे तीन दिवस राहून आलो. मोजमाप देते: दार 35 इंच मोकळं. उंबरा एक इंच, पाचर खरंच फणसाची आहे आणि हलत नाही. कमोडजवळ दांडा डाव्या बाजूला, आईचा उजवा हात जोरकस म्हणून पहिल्या दिवशी जरा पंचाईत झाली. पलंग 19 इंच. मागच्या पडवीत गाडी येते, पण शेवटच्या वळणावर मोठी गाडी असेल तर उतरून मागे-पुढे करावी लागते.

आईनं तिन्ही दिवस दोन-दोन शहाळी प्यायली.

रत्नांग्रीकर | 2 फेब्रुवारी, 20:02

उजव्या बाजूचा दांडा सांगितलाय सुताराला. रविवारी येतो म्हणतोय.